परदेशातली उसनी चावी

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. घर परळच्या चाळीत. आजोबा गिरणीत पाळी करायचे, अब्बा टॅक्सी चालवतात. मुलगा एमएस करायला अमेरिकेला गेला, त्याला वर्ष उलटून गेले. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत बारा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे, पण कंपनी एका लहान गावी आहे. तिथे बस नाही, लोकल नाही. गाडीशिवाय कामावर जाता येत नाही.

आपल्याकडे लालबागहून दादरला जायचे तर कुणी गाडीचा विचारही करत नाही. बस आहे, ट्रेन आहे, नाहीतर पाय आहेत. पण अमेरिकेत न्यूयॉर्कसारखी मोजकी शहरे सोडली, तर दूध आणायलाही गाडी लागते. त्यामुळे मुलाची गरज खरी होती. प्रश्न होता तो त्याने शोधलेल्या उपायाचा. त्याचा एक मित्र सुट्टीसाठी मायदेशी चालला होता. तो म्हणाला, "माझी गाडी घे, पेट्रोल तेवढे भर." त्या पेट्रोलचा खर्च निघावा म्हणून संध्याकाळी त्याच गाडीने, मित्राच्याच खात्यावर, लोकांच्या घरी जेवण पोहोचवायचे, असे मुलाने ठरवले होते.

अम्मी म्हणाल्या, "सर, यात वाईट काय आहे? मेहनतीचीच कमाई आहे ना?"

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

आधी गाडीचे बघू. अमेरिकेत जवळपास सर्व राज्यांत गाडीला विमा सक्तीचा आहे. विमा गाडीचा असला, तरी ती नेहमी कोण चालवणार हे कंपनीला कळवावे लागते. एखाद्या दिवशी मित्राने गाडी नेली तर सहसा अडचण येत नाही. बारा आठवडे रोज चालवणाऱ्याचे नाव मात्र पॉलिसीत हवे. ते नसताना अपघात झाला तर कंपनी भरपाई नाकारू शकते. तिथला इस्पितळाचा खर्च लक्षात घेता हे कर्ज मुलगा आणि त्याचा मित्र या दोघांच्याही घरावर येईल. शिवाय घरगुती वापराची पॉलिसी जेवण पोहोचवण्याच्या धंद्याला बहुधा लागू होत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. विद्यार्थी एफ-१ व्हिसावर जातो. त्याला कॉलेजच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेर काम करायचे तर आधी परवानगी लागते. इंटर्नशिपची परवानगी कॉलेजकडून आय-२० या कागदावर नोंदवून मिळते, आणि ती त्याच कंपनीपुरती, त्याच तारखांपुरती असते. संध्याकाळी जेवण पोहोचवणे त्यात बसत नाही, मग खाते कुणाच्याही नावावर असो. विनापरवाना काम उघड झाले तर विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा जातो. तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याची एक अट हीच आहे की अर्जदाराने विनापरवाना काम केलेले नसावे. म्हणजे पेट्रोलच्या पैशासाठी दोन वर्षांचे शिक्षण पणाला लावण्यासारखे आहे.

मेहनत हलाल असते, हे खरे. पण व्हिसा घेताना आपण अटी मान्य केलेल्या असतात. तोही एक करार आहे, आणि सूरह माइदाच्या आरंभीच ईमानवाल्यांना करार पाळण्याची आज्ञा आहे. शिवाय दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर काम करणे म्हणजे गिऱ्हाइकाला खोटे नाव दाखवणे. कष्ट खरे असले तरी अशी कमाई स्वच्छ राहत नाही.

मग करायचे काय? थोड्या दिवसांसाठी गाडी मिळवण्याचे सरळ मार्ग आहेत.

पहिला, भाड्याची गाडी. तिथे भाडे दिवसाने, आठवड्याने किंवा महिन्याने ठरते. पण 25 वर्षांखालील चालकाकडून बहुतेक कंपन्या रोज जादा आकार घेतात. कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. करारात ज्याचे नाव असेल त्यानेच गाडी चालवायची. दुसरा, तासाने मिळणारी गाडी. काही कॉलेजांच्या आवारातच अशा गाड्या उभ्या असतात. बाजारहाटासाठी त्या स्वस्त पडतात, रोजच्या नोकरीसाठी महाग. तिसरा, जुनी गाडी घेऊन जाताना विकणे. त्यात मालकीचा कागद, म्हणजे टायटल, राज्याच्या वाहन कार्यालयात आपल्या नावावर करून घ्यावा लागतो आणि विकल्यावर तसे कळवावेही लागते. घेण्यापूर्वी 17 अक्षर-अंकी वाहन क्रमांकावरून गाडीचा इतिहास पाहावा आणि गाडी मेकॅनिकला दाखवावी. लीज सहसा दोन-तीन वर्षांची असते, ती अशा कामी येत नाही. कर्जाने गाडी घेण्याचे तर नावच नको. नव्या विद्यार्थ्याची तिथे पत नसते, त्यामुळे व्याज जबर लागते, आणि रिबा आपल्याला मुळातच वर्ज्य आहे. चौथा, कंपनीतल्या कुणाबरोबर खर्च वाटून जाणे. हा सर्वांत स्वस्त मार्ग, पण संकोचापायी मुले विचारतच नाहीत.

विम्याबद्दल काहींच्या मनात शंका असते. कायद्याने सक्तीचा असलेला तिसऱ्या पक्षाचा विमा घेण्यास अनेक उलमांनी नाइलाज म्हणून मुभा दिली आहे. आपल्याकडेही 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचाच आहे. ज्यांना खात्री हवी त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे.

ज्यांची मुले अजून जायची आहेत त्यांनी तीन गोष्टी इथेच उरकाव्यात. गाडी नीट शिकून पक्के लायसन्स घ्यावे. मग आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. दक्षिण मुंबईकरांचे आरटीओ ताडदेवला आहे. हा परवाना जास्तीत जास्त वर्षभर चालतो आणि मूळ लायसन्स सोबत असेल तरच उपयोगी पडतो. भारतीय लायसन्सवर तो अमेरिकेत काढून मिळत नाही. तिथे राहू लागल्यावर किती दिवसांत स्थानिक लायसन्स घ्यायचे, हे प्रत्येक राज्याचे वेगळे आहे.

तिसरी गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक मोहम्मद, लायसन्सवर 'एमडी', पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग, हे आम्ही वर्गात दरवर्षी पाहतो. पासपोर्टवर एकच नाव असले तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिले नाव अज्ञात, असे छापून येते. मग लायसन्स, विमा, भाडेकरार, सगळीकडे अडते. दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत नाव एकच ठेवा.

रस्त्याचे दोन नियमही सांगून ठेवावेत. तिथे गाडी उजव्या बाजूने चालते आणि स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असले की मागच्याने थांबायचेच, दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेही. पोलिसाने थांबवले तर आपल्याकडच्यासारखे उतरून त्याच्याकडे जायचे नाही. गाडीत बसून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे.

त्या रात्री आम्ही परळला गेलो. मुलाला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही कायदे सांगत होतो आणि तो "सगळेच करतात, सर" म्हणत होता. अब्बा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेटा, मी शिफ्ट संपल्यावर दुसऱ्याच्या हाती टॅक्सी देतो. बॅज नसलेल्याला कधी दिली का? घरात पैसे नव्हते तेव्हाही नाही दिली." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, "जी, अब्बा."

मित्राची चावी त्याने परत केली. कंपनीतला एक सहकारी त्याला रोज नेतो, पेट्रोल दोघांत. रविवारच्या बाजाराला तो तासाची गाडी घेतो. सुरुवातीच्या खर्चासाठी मामूंनी कर्जे-हसना दिले. अम्मी म्हणाल्या, "भावाकडून घेतले, त्याला कागद कशाला?" आम्ही त्यांना सूरह बकरातली ती आयत आठवून दिली. कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. वहीत चार ओळी लिहिल्या, दोघा साक्षीदारांनी सह्या केल्या. एक सही आमची.

मुलगा परदेशी असला की आपण फोनवर त्याला जेवण विचारतो, नमाज विचारतो. कुणाची गाडी चालवतोस, विमा कुणाच्या नावाने आहे, हेही विचारत जा. अल्लाह आपल्या मुलांना सुखरूप ठेवो. आमीन.