पडदा काळा झाला म्हणून खोकं भंगारात देऊ नका

तुमच्याकडे गेम पार्लरमधलं एखादं जुनं मशीन असेल. पॅक-मॅन, डाँकी काँग, असं काही. गेमचा आवाज येतोय, पण पडदा काळा. भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी थोडं थांबा.

आवाज येतोय म्हणजे गेमचं बोर्ड बहुधा चालू आहे, दुखणं मॉनिटरचं आहे. पुष्कळदा पिक्चर ट्यूबही ठीक असते. मागच्या बोर्डावरचे कंडेन्सर वाळलेले असतात, नाहीतर सोल्डर सुटलेला असतो. चाळीस वर्षं तापलेलं सामान आहे ते! कंडेन्सर थोडक्या पैशांत मिळतात. तशी ट्यूब मिळणं मात्र फार कठीण, म्हणून तिला जपा.

हात जोडून सांगतो, मागचं झाकण स्वतः उघडू नका. 19 इंची रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. प्लग काढला तरी तो आत साठून राहतो. झाकण आधीच निघालेलं असेल आणि घरात मुलं असतील, तर मशीन तसंच उघडं टाकून उठू नका.

मग कुणाकडे जायचं? जुने डबा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करा. वयस्कर मेकॅनिक शोधा.

त्यांना दोन गोष्टी आधी सांगा. यात ट्यूनर नसतो; लाल, हिरवा, निळा सिग्नल वेगवेगळ्या तारांनी थेट गेमबोर्डावरून येतो. आणि अमेरिकी मशीन 120 व्होल्टचं असतं. त्यातल्या बऱ्याच मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. ‘काढून टाकू, चालतंय’ असं कुणी म्हणालं, तर मशीन उचला आणि घरी या. तिथे जिवाशी खेळ आहे.

जाताना मोबाइलवर पडद्याचा फोटो घेऊन जा. मधोमध एकच आडवी रेघ दिसत असेल, तर फोटो काढून लगेच बंद करा. चालू ठेवलं तर त्या रेघेचा डाग पडद्यावर कायमचा बसतो. पॅक-मॅनचा चक्रव्यूह काचेत उमटला असेल, तर तो दुरुस्तीने जात नाही. त्यावर पैसे घालू नका.

काकांनी झाकण काढलं की चॅसीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. वेल्स-गार्डनर, इलेक्ट्रोहोम, हांटारेक्स, जे असेल ते. नंबर असला की सर्किटचा नकाशा शोधता येतो.

काम झालं की काढलेले भाग मागून घ्या. काय बदललं ते तारखेसह चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी आणि भाग एका पिशवीत घालून मशीनच्या तळाशी ठेवायला सांगा. पुढच्या मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचेल.