कुणाच्या तोंडचे शब्द?

एस्किमो लोकांच्या भाषेत बर्फाला शंभर शब्द आहेत, हे विधान वाचकांच्या कानांवरून कधी ना कधी गेलेच असेल. शाळेच्या व्यासपीठावरून ते ऐकू येते, मासिकांच्या चौकटींतून ते छापले जाते आणि आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनांतही ते अधूनमधून हजेरी लावून जाते. आमचा प्रश्न साधा आहे. हे शब्द कोणी मोजले? कोणत्या गावी? कुणाच्या तोंडून ऐकून?

मूळ शोधत गेले तर हाती येतात ते चार शब्द. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने १९११ साली अमेरिकेतील आदिवासी भाषांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते दिले होते. जमिनीवरचा बर्फ, पडता बर्फ, वाऱ्याने वाहणारा बर्फ आणि साचलेला ढीग. इंग्रजीत पाणी, तळे, नदी, ओढा यांना जसे एकमेकांशी संबंध नसलेले शब्द आहेत तसेच हे, एवढेच त्याला दाखवायचे होते. पुढे १९४० साली बेंजामिन ली व्होर्फ याने हीच गोष्ट कोणताही आधार न देता, थोडी फुगवून लिहिली. मग आकडा वाढतच गेला आणि १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका नामांकित दैनिकाच्या अग्रलेखात तो शंभरावर पोहोचला. लॉरा मार्टिन या विदुषीने १९८६ साली ही सारी वंशावळ उजेडात आणली. त्या लोकांच्या भाषाही एक नसून अनेक आहेत, आणि एकाच धातूला प्रत्यय जोडत त्या वाटेल तितकी लांब रूपे घडवतात. तेव्हा तिथे ‘एक शब्द’ म्हणजे काय, हेच आधी ठरवावे लागते. पण आधारच विचारायचा नाही असे ठरल्यावर अशा बारकाव्यांची चाड कोणाला असणार?

वृत्तपत्रांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आमची तक्रार खुद्द भाषाशास्त्राविषयी आहे. लॉरेन गॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर व्याकरणग्रंथ तपासून २०१७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते शंभर ग्रंथ म्हणजे विद्यापीठांचे प्रबंध आणि प्रतिष्ठित प्रकाशनांची पुस्तके. त्यांतल्या कित्येकांत उदाहरणादाखल दिलेले वाक्य कोण बोलले, कोणत्या ध्वनिमुद्रणातून घेतले आणि ते ध्वनिमुद्रण आज कुठे आहे, याचा पत्ता लागत नाही. वाचकाने निमूटपणे विश्वास ठेवावा, एवढीच अपेक्षा! आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवहीतदेखील तारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही यांवाचून एक ओळ पुरी होत नाही. विज्ञान म्हणवणाऱ्या शास्त्राने त्याहून ढिले का असावे?

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. ‘मराठीत स्त्री मी जाते असे म्हणते’ हे वाक्य घ्या. पुण्याच्या पाठ्यपुस्तकात ते बिनचूक ठरेल. कोल्हापूरकडची मुलगी मात्र ‘मी जातो’ म्हणून हसत निघून जाईल. तिचे मराठी चुकले की ग्रंथकाराचे? दोघांचेही नाही. चुकले ते एवढेच की, कुठे आणि कुणाकडून ऐकले हे ग्रंथकाराने सांगितले नाही. तेवढे दोन शब्द गाळल्याने एका प्रदेशाची बोली साऱ्या भाषेचा नियम बनते आणि बाकीच्यांची बोली अशुद्ध ठरते. ही अशुद्धतेची डागणी वसईच्या किनाऱ्यावरील आमच्या लोकांनी पुष्कळ सोसली आहे.

या बाबतीत जुन्यांची आठवण काढणे भाग आहे. सर जॉर्ज ग्रीअर्सन यांनी १८९४ ते १९२८ या काळात भारतीय भाषांचे प्रचंड सर्वेक्षण केले. त्यात १७९ भाषा व ५४४ बोलींची नोंद आहे. सर्वत्र तुलना करता यावी म्हणून त्यांनी एकच उतारा निवडला, आणि तो होता लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात किरिस्ताव, वाडवळ, सामवेदी या बोलीही आहेत. प्रत्येक नमुन्याच्या माथ्यावर प्रांत वा जिल्हा छापलेला आहे. या कामात उणिवा होत्याच. नमुने बहुधा सरकारी यंत्रणेमार्फत गोळा झाले, आणि भाषांतर करताना माणूस घरात बोलतो तसा बोलत नाही. पण ही टीका आज आम्ही करू शकतो, कारण आपण काय केले हे ग्रीअर्सन यांनी लपवले नाही. पुढे त्यांनी ग्रामोफोनच्या तबकड्याही करवून घेतल्या. शतकापूर्वीचे ते आवाज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून आज कोणालाही ऐकता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही राज्य मराठी विकास संस्थेसह केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे सर्वांना खुली केली आहेत. म्हणजे हे अशक्य नाही.

त्याहूनही मागे जाऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. त्याच्या मुखपृष्ठावरच, दियोगो रिबैरो यांनी भर घातली आणि आणखी चार पाद्र्यांनी ते तपासून सुधारले, असे नमूद आहे. हातभार लावणाऱ्या धर्मबंधूंची दखल घेण्याइतका प्रामाणिकपणा त्या काळीही होता. मात्र ज्या साष्टीकरांच्या जिभेवरून ती भाषा या सहाही जणांनी उचलली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या मुखपृष्ठावर नाही. हे ऋण आमच्याच घराण्याचे आहे, म्हणून ते आम्ही आवर्जून सांगतो.

खुलेपणाला विरोध करणारे दोन कारणे देतात. पहिले असे की, वर्षानुवर्षे राबून जमवलेले साहित्य दुसरा आयते उचलील. पण योग्य उल्लेखाची शिस्त नसते तेव्हाच हे घडते. २०१८ साली अँड्रिया बेरेझ-क्रोकर आदी भाषाशास्त्रज्ञांनी निवेदन काढून नेमकी हीच मागणी केली की, संग्रह करणे हेही विद्वत्तेचे काम मानावे आणि त्याचे श्रेय करणाऱ्याला मिळावे. दुसरे कारण बोलणाऱ्याच्या खाजगीपणाचे. हे आम्ही मनापासून मानतो. आजीने नातसुनेविषयी काढलेले उद्गार जगाने ऐकावेत असे कोण म्हणेल? पण खाजगीपण राखायचे ते बोलणाऱ्याला विचारून. त्याने नाव नको म्हटले तर गाव, वय आणि वर्ष सांगता येते. तेही नको असेल तर ध्वनिमुद्रण संग्रहालयात बंद ठेवून, ते तेथे आहे एवढे तरी लिहिता येते. बोलणाऱ्याला काहीच न विचारता त्याच्या नावावर आपले कपाट कुलूपबंद करणे म्हणजे खाजगीपण नव्हे.

आमच्या गावांत अधूनमधून विद्यार्थी येतात, म्हाताऱ्यांकडून लग्नाची गाणी आणि कहाण्या टिपून घेतात. त्यांचे स्वागतच करावे, चहा पाजावा. पण गाणे म्हणण्याआधी त्यांना विचारावे की, हे ध्वनिमुद्रण कोणत्या संस्थेत ठेवणार, त्यावर कुणाचे नाव लिहिणार आणि एक प्रत गावाच्या वाचनालयात कधी आणून देणार. उत्तर देता आले नाही, तर त्यांना त्यांच्या मार्गदर्शकांकडे परत पाठवावे. गाणे पुढच्या खेपेला म्हणता येईल.