नाव ठेवा, नावं ठेवू नका!

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत एका टिंबाचा फरक केवढा मोठा आहे पाहा! 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं, आणि 'नावं ठेवणं' म्हणजे काय ते तुम्हांआम्हांला कोणी सांगायला नको. घरात नवीन कोणी आलं की ही दोन्ही कामं एकदमच सुरू होतात. मग ते माणूस असो की मुकं जनावर.

टोकियोत राहणाऱ्या माझ्या भाचीनं परवा विचारलं, "मावशी, आम्ही शिबा जातीची कुत्री आणतोय. सहा वर्षांची आहे. नाव सुचव ना!"

शिबा ही जपानची फार जुनी, लहान चणीची जात. उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी, रंग बहुधा तांबूस. मादीची उंची खांद्यापाशी जेमतेम ३५ ते ३८ सेंटिमीटर. १९३६ साली जपान सरकारनं या जातीला देशाचा नैसर्गिक ठेवा म्हणून मान दिला. आजच्या शिबांची वंशावळ मागे नेली की इशी नावाचा नर आणि कोरो नावाची मादी यांच्यापर्यंत पोचते. घराण्याच्या मूळ आईचं नाव लोकांनी जपून ठेवलंय, हे मला फार आवडलं.

भाचीची कुत्री मात्र आजवर पिल्लांसाठीच पाळलेली. एका मादीची आयुष्यात सहापेक्षा जास्त बाळंतपणं करायची नाहीत, असा नियम जपाननं अलीकडे केला आहे. हिची चार झाली आणि मालकानं तिला मोकळी केली. कागदावर तिचं लांबलचक नाव आहे. पण त्या नावानं हाक मारली तर ती कानसुद्धा टवकारत नाही. कशी टवकारणार? त्या नावानं तिला कधी कोणी हाकच मारलेली नाही!

आता घरातली मतं ऐका. जावईबापू म्हणतात, 'हाची' ठेवू. हाचिकोची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९२५ साली मालक वारले, तरी १९३५ साली स्वतः मरेपर्यंत तो शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. पण हाचिको अकिता जातीचा, आणि नर. तसं पुरुषी नाव मादीला चालत नाही असं नाही. २०१८ साली रशियाच्या झागितोवा या स्केटिंगपटू मुलीला जपानकडून अकिता जातीचं मादी पिल्लू भेट मिळालं. तिनं नाव ठेवलं 'मासारू', म्हणजे विजय. जपानात हे पुरुषांचं नाव. कोणाचं काही अडलं नाही. पण एवढ्या मोठ्या गोष्टीचं ओझं या दमलेल्या जिवाच्या गळ्यात कशाला बांधायचं?

भाचीच्या मुलीला 'हाना' हवंय. हाना म्हणजे फूल. नाव गोड, पण आजी सुट्टीत तिकडे जातील आणि जिन्यातून "हाना, हाना" असा पुकारा ऐकतील, तेव्हा कोणाला हाणायचंय असंच त्यांना वाटेल! 'उमे' म्हणजे जपानी आलुबुखार, पण आपल्याकडे ती सरळ शेजारच्या उमाला मारलेली हाक. आणि 'नाना' म्हणजे सात. सासरे नाना असतील तर काय कराल? म्हणून अर्थ कितीही सुंदर असला तरी नाव आपल्या कानांवरून एकदा जाऊ द्यावं.

खुद्द जपानी घरांत हल्ली कुत्र्यांची नावं चक्क स्वयंपाकघरातून येतात. 'मुगी' म्हणजे गहू, जव अशी धान्यं. 'किनाको' म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, अगदी शिबाच्या अंगाच्या रंगाचं. 'अझुकी' म्हणजे बारीक लाल कडधान्य. आमच्याच पेशातल्या एका बालवाडीच्या बाईंनी २००८ साली एक शिबा कुत्री घरी आणली. पिल्लांचा धंदा बंद पडल्यावर टाकून दिलेल्यांपैकी ती एक. चेहरा गोल, म्हणून नाव 'काबोसु', लिंबासारखं एक आंबट फळ. पुढे तिचा तिरक्या नजरेचा फोटो जगभर गाजला. २०२४ साली ती गेली, पण टाकून दिलेली ती कुत्री आज काबोसु म्हणूनच लोकांना आठवते.

आता मुद्द्याचं. मोठ्या वयाच्या कुत्रीचं नाव बदलावं का? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा आपल्यापैकी कितीजणींना कोणी विचारलं होतं? कोणी ते हौसेनं घेतलं, तर कोणाला माहेरच्या नावानं हाक आली की अजूनही चटकन मागे वळावंसं वाटतं. म्हणून माझं मत असं: तिला एखादं नाव कळत असेल, आणि ते ऐकून ती शेपूट हलवत असेल, तर ते तिचं आहे. आपल्या हौसेसाठी काढून घेऊ नये. पण नाव ऐकून ती दबत असेल, किंवा तिला नावच नसेल, तर खुशाल नवं द्यावं.

देताना थोडं धोरण ठेवावं. नाव दोन अक्षरी, फार तर तीन. आज्ञेच्या शब्दाशी जुळणारं नको. जपानीत 'दामे' म्हणजे 'नको, करू नकोस'. तेव्हा 'मामे' म्हणजे घेवड्याचा दाणा हे नाव कितीही लाडकं वाटलं तरी तिचा गोंधळ होणार. पहिले पंधरा दिवस नाव घेतलं की हातात घास हवा. रागावताना नाव घ्यायचंच नाही. शिबा मुळात मानी, हाकेसरशी धावत येईलच असं नाही. धीर धरावा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नाव वापरावं. बाबांची 'हाची' आणि मुलीची 'हाना' असं नको.

तिकडे कुत्रं आणलं की तीस दिवसांत सरकारी नोंद करावी लागते आणि दरवर्षी रेबीजची लसही टोचावी लागते. त्या अर्जात नाव लिहायचं असतं. मी भाचीला 'मुगी' सुचवलंय. म्हणायला सोपं, कोणाच्या नात्यात न येणारं आणि घासाशी जोडलेलं. सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं की कुत्रीला माणसाचं नाव नको. तेही त्यात सांभाळलं गेलं.

आपल्याकडे वाघ्या, खंड्या, मोत्या अशी कुत्र्यांची नावं ढीगभर. कुत्रीची मात्र बोटांवर मोजावी इतकीच, कारण मादी पिल्लू हौसेनं घरी आणणारेच थोडे. तुमच्याकडे अशी कोणी असेल, तर तिचं नाव काय आणि ते कसं पडलं, जरूर कळवा. नावं मात्र ठेवू नका हं!