गुरुवारची सुटी आणि हिवाळ्याची सहल

थंडी पडली की शनिवार-रविवारी लोणावळा-खंडाळा पर्यटकांनी फुलून जाते. पिंपरी-चिंचवडच्या कामगाराच्या वाट्याला हा आनंद क्वचितच येतो. वस्तुतः पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून त्याच्या दारावरून धावते. मळवलीला उतरल्यास कार्ले, भाजे, लोहगड पायी गाठता येतात. (चाकणकरांच्या नशिबी तीही नाही.) अडचण भाड्याची नसून वाराची आहे. विजेचा भार विभागण्यासाठी या पट्ट्यातील साप्ताहिक सुटी गुरुवारी ठेवण्यात आली; शाळा मात्र रविवारी बंद! बाप घरी असतो तेव्हा मुले वर्गात, मुले घरी असतात तेव्हा बाप पाळीवर. निदान डिसेंबर-जानेवारीत तरी कारखान्यांनी आळीपाळीने एकेक रविवार मोकळा द्यावा. महावितरणला एवढी फेररचना जड जाऊ नये.