लातूर जिल्ह्यात वेगाला मैदान द्या

लातूर जिल्ह्यातल्या देवणीचे नाव राज्यभर पोचले ते तिथल्या गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा या तीन प्रकारांत ओळखली जाणारी ही जनावरे दुधालाही चांगली आणि ओढकामालाही. शर्यतीत मात्र चलती खिल्लार जातीच्या बैलांची. जनावराची पारख मुरलेल्या या सीमाभागात तरुणांच्या कट्ट्यावर आता दुसरीही पारख चालते. कोणत्या गाडीला किती बीएचपी, शून्यावरून शंभरला किती सेकंद, कोणाच्या सायलेन्सरचा आवाज भारी. हौस खरी आहे, पण ती भागवायला जिल्ह्यात जागा उरते ती चालत्या रस्त्याचीच. त्याच रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते, आणि दिवसा शाळेतून परतणारी मुले.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाड्यांची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही शिक्षा व्हायलाच हवी. पण दंडाच्या पावतीने वेगाची ओढ मरत नाही. ती पोलीस नसलेला रस्ता शोधते. तिला शिस्त लावणारा एक खेळ आहे आणि तो लातूरसारख्या जिल्ह्यालाही परवडणारा आहे. तो म्हणजे ऑटोक्रॉस.

मोकळ्या मैदानावर प्लॅस्टिकचे नारिंगी कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची, आणि एकेक गाडी घड्याळ लावून तिच्यातून सोडायची, एवढाच हा खेळ. स्पर्धा सेकंदांशी असते, शेजारच्या गाडीशी नाही. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका अशा स्पर्धा पार्किंगच्या विस्तीर्ण जागांवर आणि जुन्या धावपट्ट्यांवर भरवतो. कोन पाडला की वेळेत दोन सेकंदांची भर पडते, वाट चुकली की ती फेरी बाद. आपल्याकडे हा खेळ बऱ्याचदा मातीच्या मैदानावर होतो. लांब सरळ पट्टा मुद्दामच ठेवत नाहीत, त्यामुळे वेग महामार्गावरच्या नेहमीच्या वेगापलीकडे सहसा जात नाही. गाडी घसरलीच तर कोन आडवे होतात आणि धूळ उडते.

पहिल्या ऑटोक्रॉसची तयारी म्हटली की बहुतेकांचा पैसा एअर फिल्टर, सायलेन्सर आणि इंजिनाच्या ट्यूनिंगवर जातो. नवख्यासाठी हा खर्च पाण्यात गेला असेच समजावे. सगळी फेरी बहुधा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच संपते. वाढवलेली ताकद वापरायला तिथे जागाच नसते.

त्याऐवजी ब्रेक ऑइल बदलावे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. एकापाठोपाठ एक जोरात ब्रेक दाबल्यावर जुने ऑइल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. देवणी-उदगीरच्या कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये हे काम होते आणि त्याला सायलेन्सरच्या किमतीचा लहानसा अंशही लागत नाही.

मग टायर. डांबरी मैदानावर धावणारे जुने लोक एक साधी युक्ती करतात. टायरच्या नक्षीची कड जिथे संपते आणि बाजूची भिंत सुरू होते, तिथे खडूने किंवा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने आडव्या रेघा ओढायच्या. एक फेरी मारून आली की खाली वाकून बघायचे. बऱ्याच टायरांवर त्या कडेपाशी छोटा त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर. त्याच्याही खाली भिंतीवर पुसला असेल तर टायर वळणावर दुमडतोय, म्हणजे हवा वाढवायला हवी. कडेपर्यंतही पुसला गेला नसेल तर हवा जास्त झाली आहे. मराठवाड्याच्या उन्हात सकाळी भरलेली हवा दुपारपर्यंत चांगलीच वाढते, म्हणून हे दर दोन-तीन फेऱ्यांनी पाहावे लागते. खडू आणि हवेचा गेज, एवढ्या सामानावर हे काम भागते.

फेरीआधी स्क्रूटिनी होते. तपासनीस बॅटरी हलवून बघतात, चाकाचे नट पाहतात, ब्रेकचे पेडल दाबून धरतात. गाडीतले सुटे सामान आधीच काढून ठेवायचे. जॅक, पाना, पाण्याची बाटली, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅट तर आठवणीने, कारण ते सरकून पेडलखाली अडकू शकते. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती घट्ट बसवलेली नसेल तर तीही नमस्कार करून घरी ठेवावी. हेल्मेटच्या बाबतीत आयोजकांचे नियमपत्र वाचूनच खरेदी करावी. मोटार शर्यतीच्या हेल्मेटचे अस्तर आगीला टिकते का याची चाचणी घेतलेली असते. दुचाकीच्या हेल्मेटला ही चाचणी लागू नसते.

यानंतर वाट पायी फिरायची. या कामाचा नवख्याला कंटाळा येतो आणि हरतो तो इथेच. बसलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांइतक्या उंचीवर वाकून पाहिले की उभ्याने सरळ भासणारी वाट कोनांच्या गर्दीत हरवते. कोणत्या कोनापाशी ब्रेक, कुठे नजर पुढच्या वळणावर टाकायची, कुठे स्टिअरिंग सरळ करायचे, हे डोळे मिटून आठवेपर्यंत फिरावे.

गाडी स्पोर्ट्‌स कार असेल तर अडचण वेगळी. अशा बऱ्याच गाड्यांत जोर मागच्या चाकांना मिळतो. वळणाच्या मध्यावर नवखा घाबरतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलतो, गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट फिरते. म्हणून पहिल्या स्पर्धेत, घसरती गाडी सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा बंद करण्याची मर्दुमकी दाखवू नये. आणि या खेळाला महागडी गाडीच लागते असेही नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी छोटी स्पोर्ट्‌स कार बनू लागली. फायबरची बॉडी, रेनॉचे बाराशे सीसीच्या आतले इंजिन, ताकद जेमतेम साठ अश्वशक्ती. कोनांच्या वाटेला हलकी गाडीच मानवते. घरातली स्विफ्टही तिथे उत्तम पळते.

विम्याची अट मात्र आधी वाचावी. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात. मैदानावर झालेले नुकसान मालकाच्याच खिशातून जाते.

या खेळाचा खरा फायदा रस्त्याला होतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाली, पण असंख्य चालकांनी ब्रेक पूर्ण ताकदीने कधी दाबलेलाच नाही. संकटात तो दाबला की पेडल पायाखाली थरथरते, काहीतरी बिघडले असे वाटून चालक पाय उचलतो आणि गाडी थांबण्याऐवजी जाऊन आदळते. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे, हे ऑटोक्रॉसच्या पहिल्याच सकाळी पायाला समजते. लायसन्सच्या चाचणीत हे कोणी शिकवत नाही.

महाराष्ट्राला मोटार स्पर्धा नव्या नाहीत. राष्ट्रीय रॅली मालिकेतल्या फेऱ्या नाशिकने भरवल्या आहेत. पुण्याचे संजय टकले जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियात डकार क्लासिक रॅलीत उतरले. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावले. मराठवाड्यातल्या पोराला मात्र सुरुवात करायलाच दूर जावे लागते, आणि ज्याला ते परवडत नाही तो उदगीरच्या रस्त्यावरच हात साफ करतो.

बैलगाडा शर्यतीचा दाखला इथे उपयोगी पडतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या शर्यतीला वाट देणारी महाराष्ट्राची कायदा-दुरुस्ती ग्राह्य धरली. आज या शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. प्रशासनाने मनावर घेतले तर वेगाच्या खेळाला नियमांत बसवता येते, हे या राज्याने नुकतेच करून दाखवले आहे. ज्या जिल्हाधिकारी कार्यालयांतून बैलांसाठी परवानगीची कागदपत्रे हलतात, तिथून गाड्यांसाठीही हलू शकतात.

लागणारी सामग्री फार नाही. लातूरच्या एमआयडीसीत किंवा उदगीरजवळ एखादे मोठे, समतल आणि कुंपणाचे मैदान, प्रेक्षकांना लांब ठेवणारे बांबू, अग्निशामक, डॉक्टरसह रुग्णवाहिका आणि घड्याळ. देशातल्या मोटार स्पर्धांचे नियमन १९७१ साली स्थापन झालेला आणि केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाची मान्यता असलेला एफएमएससीआय हा महासंघ करतो. त्याच्याशी संलग्न क्लबला बोलावून त्याच्याच नियमांनी स्पर्धा घ्यावी. सोयाबीन घरात आल्यावर, डिसेंबरच्या थंडीत ती ठेवावी. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतते आणि मे महिन्यात माणूसच उभा राहू शकत नाही. प्रवेश फी कमी ठेवावी, घरगुती गाड्यांचा आणि मुलींचा वेगळा गट असावा. स्क्रूटिनीच्या टेबलावर बाहेरच्या अधिकाऱ्यांच्या शेजारी देवणी, निलंगा, उदगीरच्या गॅरेजमधले मेकॅनिक बसवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी गाड्या तपासायला बाहेरून माणसे कमी आणावी लागतील.