लेन्स 300 ची का 600 ची? माझं स्पष्ट मत



थंडी पडायला लागली की आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत हल्ली एक नवीन खर्च निघतो. अमीनपूरच्या तलावावर, गंडीपेटला पाहुणे पक्षी उतरतात, कुणीतरी रोहित पक्ष्यांचा फोटो पाठवतं, आणि घरातलं एक माणूस म्हणतं, "मला पण मोठी लेन्स हवी." या वर्षी ही पाळी माझ्या भाच्याची. गच्चीबावलीत नोकरी, लग्नाला दोन वर्षं, फ्लॅटचा हप्ता चालू. म्हणाला, "मावशी, तू इतकी वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतेस, सांग ना, 600 चीच घेऊ ना? हप्त्यावर मिळतेय." मी नको म्हटलं. त्याला जरा रागच आला. पण हा प्रश्न दर हिवाळ्यात मला चार घरांतून तरी येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमच्या घरी पहिला कॅमेरा आला तो आग्फाचा क्लिक थ्री. वडील परभणीहून शिकायला इकडे आलेले. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हे मात्र काचीगुड्यातच राहिले. एका रोलमध्ये फोटो 12, आणि ते बारसं, मुंज, लग्न यांसाठी राखीव. अंगणातल्या बुलबुलावर त्यातला एक खर्च करायचा म्हणजे चैनच. त्याच्याही आधी, 1931-32 मध्ये, सालिम अलींनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. त्या काळी पक्ष्याची पक्की नोंद करायची तर बंदुकीने टिपून नमुना जपावा लागे. आता ते काम लेन्स करते आणि पक्षी उडून जातो आपल्या वाटेने. एवढी चांगली सोय झालेली असताना मी छंदाला नाही कशी म्हणेन? माझा आक्षेप आहे तो सहाशे या आकड्याला.

जरा हिशेब करू. आपला नेहमीचा खंड्या, पांढऱ्या छातीचा, असतो साधारण 28 सेंटिमीटर. तो 20 मीटरवर बसलाय. 300 मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर त्याचं चित्र पडतं 4.2 मिमीचं. साध्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण 23 मिमी रुंद, म्हणजे खंड्याने पाचवा हिस्सासुद्धा व्यापला नाही. 600 लावली की तेच चित्र 8.4 मिमीचं होतं. कबूल, दुप्पट. पण हातात 300 चीच असेल आणि खंड्या 10 मीटरवर असेल, तर तेव्हाही आकडा 8.4 च येतो! लाखभर रुपये जे काम करतात तेच दहा मीटर करतात.

"पण मावशी, दहा मीटर पुढे गेलं की तो उडतो." उडणारच, आपण त्याच्या अंगावर चालून गेलो तर. पक्षी बहुतेक वेळा ठरलेल्या फांदीवर, ठरलेल्या तारेवर परत येतो. आपण लवकर जाऊन गप बसायचं. गाडीत बसून काच खाली करून थांबलं तर आणखी बरं, गाडीला पक्षी माणसाइतके घाबरत नाहीत. माझ्याकडचा पालपिट्टचा (आपला नीलकंठ हो, तेलंगणाचा राज्यपक्षी) सगळ्यात चांगला फोटो असाच गाडीतून, विजेच्या तारेवरचा, 300 च्या साध्या लेन्सने काढलेला आहे. आमचे हे पुढच्या सीटवर पेपर वाचत होते. चाळीस मिनिटं!

आणि लांबून काढलेल्या फोटोचं एक दुखणं दुकानात कुणी सांगत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नऊ वाजून गेले की आपल्याकडे जमीन तापते, हवा थरथरायला लागते. मग 80 मीटरवरचा बगळा कितीही महागड्या लेन्सने काढा, पिसं कालवल्यासारखी दिसतात. लोक लेन्सला दोष देतात. दोष असतो त्या मधल्या हवेचा.

आता वजन. निकॉनची 200-500 आहे 2.3 किलोची. सिग्माची 150-600, त्यातली हलकी म्हणतात ती, दोन किलोला थोडी कमी. वर कॅमेरा. म्हणजे तीन किलोच्या आसपास गळ्यात घेऊन उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात सकाळी दोन तास फिरायचं. तरुणांना जमेल. पण माझ्या ओळखीत अशा तीन लेन्स आहेत, तिन्ही कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत सुखाने झोपल्यात. त्यातल्या एकीचे हप्ते अजून चालू आहेत.

मग घ्यायची कुठली? घरात निकॉनचा किंवा कॅननचा जुना डीएसएलआर असेल तर निकॉनची 70-300 किंवा कॅननची 55-250 वापरून एक हिवाळा काढा. त्यांची हलकी मॉडेलं अर्ध्या किलोच्या आत आहेत. छंद टिकला तर टॅमरॉन किंवा सिग्माची 100-400, सव्वा किलोच्या आत. कॅननचा नवा मिररलेस असेल तर आरएफ 100-400 आहे 635 ग्रॅमची, माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी सध्याची सगळ्यात शहाणी खरेदी. पहाटेच्या अंधुक उजेडात ती कमी पडते, हे आधीच सांगते. साठीच्या पुढच्या मंडळींनी तर लेन्स बदलायच्या भानगडीत न पडता निकॉनच्या पी 950 सारखा सुपरझूम घ्यावा. चित्र तितकं स्वच्छ नाही येत, पण पक्षी ओळखता येतो आणि खांदा दुखत नाही.

जुनी घ्यायला मुळीच लाजू नका. फक्त मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, परत द्या. पूर्ण झूम करून समोरच्या पाटीचा फोटो काढा, अक्षरं कडेपर्यंत वाचता आली पाहिजेत. आणि आपलाच कॅमेरा बरोबर न्या. निकॉनच्या 3000 आणि 5000 मालिकेतल्या डीएसएलआरमध्ये फोकसची मोटर नसते, त्यांच्यावर जुन्या एएफ-डी लेन्स आपोआप फोकस करत नाहीत. एका दुकानदाराने मला ऐकवलं होतं, "छोटा लेके क्या करते अम्मा, आखिर को बड़ाच लेना पड़ता." त्याचा धंदा आहे, तो बोलणारच.

मोठ्या लेन्सच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. लांबून काढता येतं, पक्ष्याला त्रास कमी. खरं आहे. पण प्रत्यक्षात काय दिसतं? इतके पैसे घातले म्हणून फोटोही तसाच हवा, मग घरट्यापुढच्या फांद्या बाजूला करणं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं, थवा उडावा म्हणून दगड टाकणं. अमीनपूरला 2016 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आजूबाजूला इमारतींची गर्दी वाढतच चाललीय, त्या पक्ष्यांना निवांत बसायला उरलंय किती? दसऱ्याला पालपिट्ट दिसणं इथे शुभ, म्हणून त्याला पिंजऱ्यात कोंडून पैसे घेऊन दाखवणारे असतात, त्यांना आपण नावं ठेवतो. दगड टाकणाऱ्याला काय म्हणायचं? लहान लेन्सवाल्याचा फोटो नाही आला तर नाही आला, दुर्बिणीतून बघून तो घरी जातो. म्हणून भाच्याला सांगितलं, वाचलेल्या पैशांतून आधी 8x42 ची एक चांगली दुर्बीण घे, बायकोलाही बघता येईल. आणि मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आण. घरची भाषा तेलुगू असलेल्या माणसाने मराठीत केलेलं ते काम आपल्या हैदराबादच्या घरांत असायलाच हवं.

त्याने अजून काही ठरवलेलं नाही. येत्या रविवारी माझी 70-300 घेऊन तो मंजिराला, संगारेड्डीच्या बाजूला जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात 100-400 पडून असेल तर कळवा, दोन रविवारांसाठी हवी आहे. पुसून परत देईन.