आधी कबूल कर, मग किल्ली घे?

परवा सिडकोतल्या एका सभागृहात डोक्याला मार लागलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी व्याख्यान होतं. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मेंदूला इजा झालेला माणूस ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, तो निव्वळ हट्ट असतो. स्वतःची उणीव तो कबूल करेपर्यंत गॅस, पैसे, घराची किल्ली, यातलं काहीही त्याच्या हाती देऊ नका. समोर बसलेल्या आया माना डोलवत होत्या. मला बसवेना. याच सल्ल्यापायी आम्ही माझ्या धाकट्या भावाचं दीड वर्ष वाया घालवलं.

हट्टाचं आधी बघू. १९१४ साली पॅरिसमध्ये जोसेफ बाबिन्स्की या मेंदूविकारतज्ज्ञाने असे पेशंट दाखवले, ज्यांची डावी बाजू लुळी पडली होती आणि त्यांना ते उमगतच नव्हतं. त्याने या अवस्थेला नाव दिलं ‘अ‍ॅनोसोग्नोसिया’. आपली चूक ओळखणं हेही मेंदूचंच काम आहे, आणि मार कपाळामागच्या भागाला लागला की अनेकदा तेच बिघडतं. शंभर वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आमच्या व्याख्यात्यांच्या कानावर अजून आलेली नाही! आमच्या नात्यातले एक गृहस्थही हाच वाद घालायचे. ‘पोरगा पेपर वाचतो, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ सांगतो, आणि तुम्ही म्हणता त्याला कळत नाही? सोंग करतो तो.’ बोलता येणं वेगळं आणि दिवस निभावता येणं वेगळं, हे त्यांना सांगून मी थकलो.

माझं खरं भांडण मात्र ‘आधी जाणीव, मग काम’ या क्रमाशी आहे.

भाऊ वाळूजच्या कंपनीत मशीनवर होता. बीड बायपासला मोटारसायकल घसरली, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. घरी आणल्यावर आम्ही त्याला खुर्चीत बसवलं आणि रोज समजावत राहिलो: तू विसरतोस, तुला जमत नाही. तो रोज चिडायचा.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की हौद भरा, मोटार लावा, गच्चीवरची टाकी भरा, वेळेत बंद करा. बायको माहेरी आणि मी गावाला, अशा एका पाण्याच्या दिवशी आईने नाइलाजाने मोटार भावावर सोपवली. ती लावून तो टीव्हीपुढे बसला. टाकी ओसंडली, जिन्यातून पाणी वाहायला लागलं, खालचे काका ओरडत वर आले. ‘मी बंद केली होती,’ भाऊ म्हणाला. आईने वाद घातला नाही. त्याला हाताला धरून जिन्यात नेलं. तो अनवाणी होता. पायऱ्यांवरच्या पाण्यात उभा राहून बराच वेळ खाली बघत राहिला.

पुढच्या खेपेला तिने त्याला आधीच विचारलं, ‘किती मिनिटांत बंद करशील?’ त्याने पाटीवर २० लिहिलं. लागली ५०. आईने शेजारी तोही आकडा त्यालाच लिहायला लावला. एक अक्षर बोलली नाही. पाचव्या की सहाव्या खेपेला तो आपणहून म्हणाला, ‘आई, माझ्या ध्यानात राहत नाही, मोबाइलवर गजर लावून दे.’

आमच्या दीड वर्षाच्या समजावणीने जे झालं नाही, ते त्या पाटीने केलं. १९८९ साली अमेरिकेत ब्रूस क्रॉसन आणि सहकाऱ्यांनी जाणिवेच्या तीन पायऱ्या मांडल्या: उणीव आहे हे माहीत असणं, काम करताना ती लक्षात येणं आणि कामाआधीच तिचा अंदाज येणं. वरच्या दोन पायऱ्या खुर्चीत बसून कोण चढणार?

‘काही बरंवाईट झालं तर?’ म्हणून तर सुरुवात गॅसने करू नका. ‘पैसे उधळेल.’ शंभराची नोट देऊन औरंगपुऱ्याच्या मंडईत पाठवा, पासबुक देऊ नका. आणि कायदा? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वसुद्धा ठरावीक काळापुरतं, ठरावीक निर्णयापुरतं आणि त्या माणसाच्या इच्छेला धरून आहे.

काहींना ही जाणीव कधीच येत नाही, हे खरं. त्यांनाही गजराची सवय लागू शकते. करायचं एवढंच: रोजचं एक काम ठरवा, आधी अंदाज विचारा, नंतर काय घडलं ते त्याच्याच हाताने लिहून घ्या. रागावू नका.

त्या सभागृहात माना डोलावणाऱ्या आयांना माझी हात जोडून विनंती आहे. एक काम आजच त्याच्या हाती द्या. तो चुकत असेल तेव्हा दारात उभ्या राहा, पण काम काढून घेऊ नका.